छापणाऱ्या हातांची नावे

कोणतेही मराठी वर्तमानपत्र घ्या आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. बारीक अक्षरात एक ओळ असते. हे पत्र अमुक यांनी अमुक कंपनीसाठी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, असा तिचा मजकूर असतो. छापखान्यात तिला प्रिंटलाईन म्हणतात. वाचक ती वाचत नाही आणि तिच्यावाचून त्याचे काही अडतही नाही. पण वर्तमानपत्र छापणाऱ्या माणसाचे नाव कागदावर कुठे येत असेल, तर ते याच एका ओळीत.

गंमत अशी की तिथे ‘मुद्रक’ म्हणून ज्याचे नाव असते त्याचा हात शाईला लागलेला असेलच असे नाही. तो बहुधा मालक असतो, व्यवस्थापक असतो किंवा मालकाने नेमलेला माणूस असतो. रात्रभर उभे राहून खिळे जुळवणारा, फर्मा बांधणारा, मशीनवर कागद चढवणारा या ओळीत कधी आला नाही. अशा कामगारांची घरे आमच्या नाहूर, भांडुप, मुलुंडच्या पट्ट्यातही आहेत. आजोबा ‘प्रेसमध्ये’ होते एवढेच नातवंडांना ठाऊक असते. कोणत्या प्रेसमध्ये, कोणत्या खात्यात, काय करत होते, हे विचारले की घर गप्प होते.

ही शांतता आपोआप आलेली नाही. तिला कायद्याचा इतिहास आहे, तंत्राचा आहे आणि पगारपत्रकाचाही आहे.

नाव होते, ते गेले

छपाई येण्यापूर्वी लिहिणाऱ्याचे नाव राहत असे. अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांच्या अखेरीस ‘तरकीमा’ असतो. हा ग्रंथ कोणी लिहून काढला, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे कातिब त्यात नोंदवतो आणि वाचकाकडे दुआ मागतो. मराठी पोथ्यांचीही रीत फार वेगळी नव्हती. पोथी उतरवणारा शेवटी आपले नाव, शक, तिथी लिहून चुकभुलीची क्षमा मागत असे. मशिदीच्या हुजऱ्यात बसलेला कातिब असो की वाड्याच्या ओसरीवर बसलेला लेखक, दोघांना एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती: हात माझा आहे, चूक झाली तर माझी आहे, मला आठवणीत ठेवा.

लेखणीच्या धंद्याने महाराष्ट्राला आडनावेही दिली. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. कोकणातल्या मुसलमानांत ‘खतीब’ हे आडनाव आहे. ते मात्र कातिबाशी जोडू नये. खतीब म्हणजे खुतबा देणारा, कातिब म्हणजे लिहिणारा. कानाला जवळची वाटली तरी दोन्हींची मुळे वेगळी आहेत. घराण्याचा शोध घेताना अशा जागी पाय घसरतो, म्हणून सांगितले.

छपाईच्या धंद्याने दिलेले एक आडनाव मुंबईच्या इतिहासात ठळक आहे, छापगर. १७९७ च्या सुमारास ‘बॉम्बे कुरियर’ या इंग्रजी पत्राच्या छापखान्यात गुजराती जाहिरात छापायची होती आणि गुजराती खिळे नव्हते. जिजीभाई छापगर या पारशी कारागिराने ते घडवले. म्हणजे मुंबईत देशी अक्षर छापले जाऊ लागले ते वर्तमानपत्राच्या नोकरीतल्या एका कारागिराच्या हातून. त्याच पारशी समाजातल्या फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ काढला. तो आजही निघतो.

खिळे घासणारा पोरगा

मराठी मुद्रणाच्या इतिहासात दोन नावे कामगाराच्या पायरीवरून वर आली. पहिले गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता त्यांनी छपाई पाहून पाहून उचलली, स्वतःचे शिळायंत्र उभारले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. छापलेले पंचांग देवघरात कसे न्यायचे, शाईत चरबी असते, असा लोकांचा आक्षेप होता. त्यावर त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. धंदा टिकवायचा तर गिऱ्हाइकाची श्रद्धा सांभाळावी लागते, हे या माणसाने ओळखले होते. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्या तारखेला आपण पत्रकार दिन साजरा करतो. जुळाऱ्यांच्या वाट्याला असा दिवस नाही.

दुसरे नाव जावजी दादाजी. जन्म १८३९ चा, घराण्याचे मूळ गाव उंबरगाव. वडील लवकर गेले, घरात दारिद्र्य. दहाव्या वर्षी हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामावर लागला. पगार महिना दोन रुपये. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरबरीत असतात. त्या घासून सारख्या केल्या नाहीत तर खिळे एका रेषेत उभे राहत नाहीत. बोटांची साले काढणारे हे काम पोरांकडे असे. तिथले थॉमस ग्रॅहम हे अक्षर घडवण्यात निष्णात होते. त्यांच्या नजरेखाली जावजी ओतकाम शिकले. पुढे ‘इंदुप्रकाश’सह निरनिराळ्या छापखान्यांत नोकरी करून त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे ठसे कोरायला मित्र होते राणोजी रावजी आरू. ‘निर्णयसागरी टाईप’ म्हणून जे देखणे वळण देशभर गाजले, त्यामागे आरूंचा हात आहे.

१८९२ मध्ये जावजी गेले. निर्णयसागरची जुनी पुस्तके कुठे मिळाली तर मुखपृष्ठे ओळीने लावून बघा. आधी जावजी दादाजी, मग तुकाराम जावजी, पुढे पांडुरंग जावजी. एका घराण्याची वंशावळ पुस्तकांच्या पहिल्या पानावर छापत गेली. पण त्याच पुस्तकांची एकेक ओळ ज्यांनी जुळवली त्यांची वंशावळ कुठेच नाही. जावजी मोठे झाले ते मालक झाल्यावर. महिना दोन रुपयांवर खिळे घासणारी बाकीची पोरे काय झाली, हे इतिहासाने विचारले नाही. यात जावजींचा दोष नाही. नोंद ठेवायची रीतच तशी होती.

कायद्याला कोणाचे नाव हवे होते?

आता त्या प्रिंटलाईनकडे येऊ. ती आली १८६७ च्या कायद्याने. छापखाने आणि पुस्तकनोंदणीच्या या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. मुद्रक आणि प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. अठराशे सत्तावनचे बंड होऊन दहा वर्षेच झाली होती. कोण काय छापतो यावर सरकारला डोळा ठेवायचा होता. म्हणजे हे नाव कारागिराच्या सन्मानासाठी मागितलेले नव्हते. वेळ आली तर पकडायचे कोणाला, त्यासाठी ते हवे होते.

वेळ आली १८९७ मध्ये. ‘केसरी’तल्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला भरला गेला. सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे तो चालला. आपल्याला आठवतात ते एकटे लोकमान्य टिळक. पण पिंजऱ्यात दोन आरोपी होते. दुसरे केशव महादेव बाळ, केसरी ज्या आर्यभूषण छापखान्यात छापला जाई तिथले मुद्रक. ज्युरीने टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी धरले आणि त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. बाळ निर्दोष सुटले. टिळकांचा तुरुंगवास शाळेच्या पुस्तकात आला आणि यायलाच हवा होता. पण लेख दुसऱ्याचा आणि आरोप आपल्यावर, अशा अवस्थेत त्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या मुद्रकाचे नाव आज कितीजणांना ठाऊक आहे?

नंतरच्या कायद्यांनी हाच रोख पुढे नेला. १९१० च्या प्रेस कायद्यात छापखानेवाल्यांकडून जामीनरक्कम मागायची तरतूद होती. सरकारला मजकूर खटकला की रक्कम जप्त, पुढे छापखानाही जप्त. छापखाना बंद पडला की मालकाची रक्कम बुडे आणि कामगाराची रोजी बुडे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात जप्त झालेल्या छापखान्यांची मोजदाद होते. त्या दिवशी घरी बसलेल्या जुळाऱ्यांची होत नाही.

१८६७ चा कायदा स्वतंत्र भारतातही चालू राहिला. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांच्या नोंदणीच्या २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. दीडशेहून अधिक वर्षे आपल्याकडे ‘मुद्रक’ या शब्दाचा कायद्यातला अर्थ छापणारा असा नव्हताच. जबाबदार धरता येईल असा माणूस, एवढाच होता.

याच कायद्याने एक उपकारही केला. छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारात द्याव्या लागत आणि त्यांची तिमाही सूची निघे. तीत पुस्तकाचे नाव, भाषा, छापखाना, शिळाछाप की खिळेछाप, प्रती किती, किंमत किती, असा तपशील असे. मुंबई इलाख्याच्या या सूच्यांत गल्लीबोळांतल्या लहान छापखान्यांची नावे सापडतात. पाळतीसाठी ठेवलेली वही आज इतिहासाच्या कामी येते.

दगडावर उलटे लिहिणारे

उर्दूचा रस्ता वेगळा होता. नस्तालीक लिपीत अक्षर सरळ रेषेत बसत नाही. ते वरून खाली घरंगळत येते आणि शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते. सुटे खिळे करून ती छापणे जिकिरीचे होते. मौलाना आझाद यांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ काढला तो खिळ्यांवर, पण उर्दू वाचकाचा डोळा नस्तालीकलाच सरावलेला राहिला. म्हणून उर्दू छपाई शिळाछापावर जगली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापलेली फारसी, अरबी, उर्दू पुस्तके समुद्रमार्गे इराणपर्यंत जात.

या धंद्यात दोन कसबी माणसे लागत. एक कातिब. तो तयार केलेल्या कागदावर चरबीयुक्त शाईने, बोरूच्या कलमाने मजकूर लिहितो. तो कागद दगडावर दाबला की अक्षरे दगडावर उलटी उमटतात. दुसरा संगसाज. दगडावर कुठे अक्षर तुटले, नुक्ता उडाला, तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करतो, तेही उलट्या हाताने, आरशातल्यासारखे. सुलट लिहिणे हीच जिथे वर्षांची तालीम, तिथे उलटे लिहिणे काय असेल याचा विचार करा.

शिळाछापाच्या पुस्तकांत कातिबाचे नाव पुष्कळदा येई. हस्तलिखिताची रीत दगडावरही टिकली होती. पण रोजच्या अखबारात ते मिटले. अखबाराला घाई असते. एक पान चार हातांत वाटले जाते आणि संध्याकाळपर्यंत ते शिळे होते. मुंबईत १९३८ मध्ये अब्दुल हमीद अन्सारी यांनी सुरू केलेला ‘इन्किलाब’ आणि शहरातली इतर उर्दू पत्रे अनेक दशके कातिबांच्या हातावर चालली. बातमी तारेने येवो की टेलिप्रिंटरवर, वाचकापर्यंत ती कातिबाच्या अक्षरातच पोहोचे. चेन्नईचे ‘मुसलमान’ हे १९२७ चे सायंदैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात राहिले. तिथल्या कातिबांत स्त्रियाही होत्या.

मग १९८१ आले. मिर्झा अहमद जमील यांच्या सुमारे वीस हजार जोडाक्षरांच्या साठ्यातून ‘नूरी नस्तालीक’ हा संगणकी टाईप तयार झाला आणि लाहोरच्या ‘जंग’ने तो वापरला. नव्वदच्या दशकात भारतात ‘इनपेज’ आले. काही वर्षांतच उर्दू वर्तमानपत्रांतली कातिबांची बैठक उठली. कोणी लग्नपत्रिका लिहू लागला, कोणी साईनबोर्ड, कोणी मदरशात खुशखती शिकवू लागला. कोणी पन्नाशीत कीबोर्ड शिकला.

जुळाऱ्याची रात्र

मराठी वर्तमानपत्रातल्या कामगाराचे कसब वेगळे, नशीब तेच. त्याला पुस्तकी भाषेत जुळारी म्हणत, बोलताना कंपोझिटर. इंग्रजीला दोन केस पुरतात. मराठीला सहसा चार लागत. सुटी अक्षरे, अर्धी अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे असे शेकडो खिळे त्यांच्या खणांत पसरलेले. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवर फिरतो. डोळे हस्तलिखितावर असतात, खणाकडे बघायची गरज नसते. अक्षर उलटे, ओळही उलटी वाचायची. ओळी गॅलीत जातात, दोऱ्याने बांधल्या जातात, प्रूफ निघते, दुरुस्त्या होतात, पान लागते, फर्मा आवळून मशीनखात्याकडे जातो. सकाळी लोक चहाबरोबर जे वाचतात ते वापरून झालेले खिळे त्याच दिवशी पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे असतात. नाहीतर रात्री अक्षर कमी पडते.

मराठीचा हा पसारा कमी व्हावा म्हणून टिळकांपासून अनेकांनी लिपीसुधारणेचे प्रयत्न केले. हरी गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात देवनागरी लायनोटाईप यंत्राची जुळवणी केली. त्या वादांत विद्वान बोलले, संपादक बोलले. त्यातले प्रत्येक अक्षर रोज उचलणाऱ्या माणसाचे मत नोंदले गेल्याचे क्वचितच दिसते.

नाहूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कंपोझिटरचा दिवस कसा जात असेल, हे धंद्याच्या रीतीवरून मांडता येते. वर्तमानपत्रे दक्षिण मुंबईत होती. ‘नवाकाळ’ १९२३ पासून गिरगावात, ‘लोकसत्ता’ १९४८ पासून, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ पासून. नाहूरला स्टेशन झाले २००३ मध्ये. त्याआधी नाहूर गावातून निघालेल्या माणसाने भांडुपला किंवा मुलुंडला पायपीट करायची आणि तिथून गाडी धरायची. संध्याकाळी सगळी गर्दी घरी येते तेव्हा हा उलट दिशेने निघतो. काम संपते तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते. मग छापखान्यातच वर्तमानपत्राचे कागद अंथरून डुलकी काढायची आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने परतायचे. त्याच पहाटेच्या गाड्यांतून वर्तमानपत्रांचे गठ्ठेही उपनगरांकडे निघालेले असतात. आपण जुळवलेला मजकूर आणि आपण एकाच गाडीत. घरी मुले शाळेला निघण्याच्या तयारीत असतात. रमजानात सहरी कामावरच, डब्यातली.

या रात्रींची किंमत अंगावर निघे. खिळ्यांच्या धातूत मुख्य भाग शिशाचा, जोडीला अँटिमनी आणि कथील. ओतखान्यात शिशाची वाफ, केसखात्यात शिशाची धूळ. जेवण्याआधी हात नीट धुतले नाहीत तर शिसे पोटात जाते. पोटदुखी, पांडुरोग, हातापायांतली कमजोरी असे हळूहळू दिसणारे त्याचे परिणाम. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. तिची सुरुवातच शिशाच्या विषबाधेने होत असे. कामगार गूळ, केळी, दूध खाऊन स्वतःला सांभाळत. औषध म्हणून त्याचा कितपत उपयोग होता हा प्रश्न वेगळा, पण धोका आहे हे त्यांना पक्के कळत होते.

पत्रकार कोण, कामगार कोण

स्वातंत्र्यानंतर वर्तमानपत्रांत काम करणाऱ्यांसाठी कायदा झाला, १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा. त्यात श्रमिक पत्रकार कोण याची व्याख्या होती. संपादक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार यांच्याबरोबर मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडरही त्यात होता. कंपोझिटर नव्हता. चूक शोधणारा पत्रकार ठरला, ओळ उभी करणारा नाही. बिगरपत्रकार कामगारांच्या वेतनाला कायद्याचा तसाच आधार मिळाला तो १९७४ च्या दुरुस्तीने. तेव्हा कायद्याच्या नावातच ‘इतर वृत्तपत्र कर्मचारी’ हे शब्द आले. ‘इतर’ म्हणून का होईना, दाराच्या आत आले. पुढे पालेकर, बचावत, मणिसाना, मजिठिया यांच्या शिफारशींनी पगारश्रेण्या ठरल्या. मजिठियाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये वैध ठरवल्या. तोवर खिळे जुळवणारे बहुतेक लोक निवृत्त झाले होते.

कारण मधल्या काळात धंदाच पालटला होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत फोटोटाईपसेटिंग आणि ऑफसेट आले, मग संगणक. पुण्यात सी-डॅक आणि मॉड्युलर इन्फोटेकसारख्या ठिकाणी मराठी संगणकावर बसवली गेली. ‘श्रीलिपी’ हे नाव डीटीपीच्या दुकानांत घरगुती झाले. केसखाती रिकामी झाली. खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले, कारण शिशाला भाव होता. लाकडी केसेस कोणी शोभेच्या वस्तू म्हणून विकत घेतल्या. मोठ्या पत्रांचे छपाई कारखाने दक्षिण मुंबईतून उपनगरांत आणि नवी मुंबईत गेले. १९९९ मध्ये मुलुंड–ऐरोली पूल सुरू झाला आणि खाडीपलीकडचा औद्योगिक पट्टा आमच्या बाजूच्या रातपाळीवाल्याला जवळ आला. बापाने व्हीटीची गाडी धरली, मुलाने ऐरोलीची बस. तो आता प्लेट काढतो किंवा वेब ऑफसेटच्या पॅनलसमोर उभा राहतो. खिळा त्याने पाहिलेलाही नसतो.

घरातली कागदपत्रे

हे सगळे मांडण्याचे कारण एकच आहे. मराठी मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण सुलतान, सूफी, शायर आणि स्वातंत्र्यसैनिक यांच्यापाशी थांबतो. त्यांचे मोल आहेच. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात सुलतान नव्हते. घरात कारागीर होते. ज्याने उर्दू अखबार लिहिला तो कातिब आणि ज्याने मराठी वर्तमानपत्र जुळवले तो कंपोझिटर यांच्याशिवाय या शहराने आपल्या दोन्ही भाषा वाचल्या नसत्या. ‘मुसलमानांचा मराठीशी संबंध काय’ असा प्रश्न आपल्याला वेळोवेळी ऐकावा लागतो. त्याला भाषणाने उत्तर देण्यापेक्षा एखाद्या कामगाराचे हजेरीकार्ड पुढे ठेवणे अधिक परिणामकारक आहे. आणि छापखान्यात काम करणारा हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, दलित, कोणीही असो, प्रिंटलाईनच्या बाहेर सगळे सारखेच राहिले. हा इतिहास वाटून घेण्यासारखा आहे.

ही माणसे प्रिंटलाईनमध्ये नसली तरी कागदावर मुळीच नाहीत असे नाही. कारखाना कायद्यात येणाऱ्या छापखान्यांत हजेरीबुके होती. भविष्यनिर्वाह निधीची पावती, राज्य कामगार विम्याचे कार्ड, युनियनच्या वर्गणीची पावती, वेतनमंडळानंतर मिळालेले नव्या श्रेणीचे पत्र, ग्रॅच्युइटीचा हिशेब यांपैकी काही ना काही ट्रंकेत, कपाटात पडलेले असते. त्यावर कंपनीचे नाव असते, खाते असते, हुद्दा असतो, रुजू झाल्याची तारीख असते. रद्दीच्या गठ्ठ्यात जाण्याआधी ते बाजूला काढावे.

कागद नसेल तर माणूस आहे. घरात ऐंशीच्या पुढची दादी असेल तर तिला एवढेच विचारा: ते रात्री किती वाजता निघायचे, डब्यात काय असायचे, कपड्यांना कसला वास यायचा, पगार कोणत्या तारखेला व्हायचा, प्रेस बंद पडले तेव्हा घर कसे चालले? ती म्हणेल, “मला काय माहीत बाबा प्रेसमधलं.” पण तिला माहीत असते. शाईचे डाग कशाने निघतात हे तिच्याशिवाय कोणाला माहीत असणार? तिने सांगितलेले एका वहीत उतरवा. वर माणसाचे पूर्ण नाव, त्याच्या वडिलांचे नाव, गाव, धंद्याचे नाव आणि साल घाला. मुद्रक कोण होता, हे निदान त्या वहीत तरी बरोबर लिहिलेले असेल.